मावशीची शेपूट

चौकात तिला कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे ‘शेपूट’ म्हणत. मावशी पुढे, ताठ मानेनं, हातात मोठी कापडी पिशवी घेऊन चाललेली, आणि जरा अंतर राखून मागे ही. दोन वेण्या, गुडघे खरचटलेले, हात फ्रॉकच्या खिशात घट्ट. लोकांना ते गोड वाटायचं. "आली बघा बाईसाहेबांची शेपूट!" पाववाला दुकानाच्या दारातूनच ओरडायचा, आणि शेपटीलाही हसावं लागायचं. हसता हसता तिचे कान तापायचे. आपण मागे का चालतो हे चौकातल्या निम्म्या दुकानदारांना ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे तिला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मावशीला.

कारण साधं होतं. मावशी दुकानांतून वस्तू उचलायची.

उचलायची म्हणजे चोरायचीच. पण घरात तो शब्द कधी कुणी काढला नाही. आई म्हणायची, "ताईला सवय आहे." कुणाला नखं कुरतडायची असते, कुणाला झोपेत बडबडायची, तशी. मोठ्या किंवा किमती वस्तूला मावशीनं कधी हात लावला नाही. दोऱ्याचं रीळ, साबणाची वडी, खोडरबर, एखादं पत्र्याचं नरसाळं. एकदा तर तिनं कुलपाची नुसती किल्लीच आणली. कुलूप राहिलं दुकानात. गरज म्हणावी तर तीही नाही. मावशी घरी शिवणकाम करायची आणि तिच्या हाताला इतकी सफाई होती की गावातल्या चांगल्या चांगल्या बायका कापड घेऊन तिच्याकडे यायच्या. आणलेली वस्तू ती वापरायचीही नाही. खोलीतल्या कपाटाच्या खालच्या खणात, चिंध्यांखाली सरकवायची आणि शिवायला बसायची. चेहऱ्यावर रेषा हलायची नाही.

मावशी आंघोळीला गेली की आई तो खण उघडायची. असेल ती वस्तू रुमालात गुंडाळून मुलीच्या खिशात कोंबायची.

"जा, जागच्या जागी ठेवून ये. ताईच्या कानावर जाता कामा नये."

"मग तू सांग ना तिला, असं करू नको म्हणून."

"मी सांगू?" आई हात पुसत तिथंच बसली एकदा. "आमची आई गेली तेव्हा मी तुझ्याहून लहान होते. माझ्या वेण्या तिनं घातल्या, माझं दुखलंखुपलं तिनं काढलं. माझ्यापायी तिचं लग्न राहिलं. खोटं बोललीस तर जीभ हासडीन असं मला जिनं शिकवलं, तिला मी तोंडावर काय म्हणू? झाकली मूठ सव्वा लाखाची. जा आता, पाणी बंद झालं तिचं."

मूठ आईची होती, पण घाम सुटायचा तो पोरीच्या तळव्याला.

चौक म्हणायचा पण तो चौकोनी नव्हताच. एका बाजूनं चेपलेल्या डब्यासारखा होता. मधे दगडी हौद. त्यात पाणी कधी दिसलं नाही, पण कठडा रुंद होता, बसायला बरा. भोवती खालून दुकानं आणि वर राहती घरं. त्या गावात वाढलेल्या दुसऱ्या कुणालाही विचारलं तर तो चौकाच्या गोष्टी डोळे मिटून सांगेल: भट्टीतून निघालेल्या पावाचा वास, घड्याळवाल्याच्या दुकानातली सगळी घड्याळं वेगवेगळ्या वेळी कशी वाजायची, बाहुल्यांच्या काचेला नाक लावून कसं उभं राहायचं. तिला मात्र आठवतं ते भलतंच. कुठल्या दुकानाची कुठली फळी तिच्या खांद्याला लागायची, कुठे चवड्यांवर उभं राहावं लागायचं, कुठल्या दाराला घंटी होती आणि ती वाजू न देता आत कसं शिरायचं. चोराला लागते ती सगळी माहिती तिला होती. फक्त तिचं काम उलटं होतं.

मावशीची सवय जुनी होती, त्यामुळे दुकानदारांना आईनं केव्हाच विश्वासात घेतलं होतं. ज्याची त्याची तऱ्हा वेगळी. लोखंडी सामानाच्या दुकानात खिळेकाका होते. तिला पाहिलं की ते खिळे जोखता जोखता मान वर न करता म्हणायचे, "ठेव तिथं." बस, एवढंच. तिला ते सगळ्यांत आवडायचे, कारण ते बघत नसत. वहीवाले आजोबा उलट. "शाब्बास! याला म्हणतात प्रामाणिक पोर!" असं भर गिऱ्हाइकांत गर्जायचे, की लोकांनी वळून बघितलंच पाहिजे. आणि बटणवाल्या काकू. त्यांच्या दुकानात छतापर्यंत छोटे छोटे खण होते आणि प्रत्येक खणावर नमुन्याचं एक बटण शिवलेलं होतं. काकू तिचा गाल कुरवाळायच्या, डोळ्यांत पाणी आणायच्या आणि हातावर एक लिंबाची गोळी ठेवायच्या. ती गोळी ती तोंडात धरायची आणि चौक ओलांडला की गटारात थुंकायची. शिव्या परवडल्या असत्या तिला. कीव गिळवत नसे.

बरं, मावशी वाईट असती तर तिचा राग तरी करता आला असता. पण मावशी तिला गोष्टी सांगायची, आजारपणात उशाशी बसायची. तिच्या फ्रॉकला आतून, कुणाला दिसणार नाही अशा जागी, रेशमी पट्टी लावून द्यायची. "बाहेरून सगळेच नीट शिवतात," म्हणायची. "माणसाचं आत बघावं." चौकातून जाताना लोक मावशीला वाट करून द्यायचे. तिचा रुबाबच तसा होता. आणि शेपटीला मागून दिसायचं, की एका दुकानाच्या कोपऱ्यात थबकताना मावशीचा डावा हात कसा तिच्यापासून सुटा झाल्यासारखा हळूच पुढे सरकतो. त्या वेळी मावशीचा चेहरा झोपलेल्या माणसासारखा व्हायचा. शेपूट नजर खाली घालायची.

अशात काचसामानाचं दुकान नव्या माणसाच्या हातात गेलं. जुने मालक थकले, मुलाकडे राहायला गेले. नवा मालक परगावचा, दाट भुवयांचा, कडक. येताच त्यानं सगळी कपाटं पुसून काढली, बशा-पेल्यांच्या रांगा लावल्या आणि हातात पिसांचा झाडू घेऊन दारात उभा राहिला. त्याला सांगणं भाग होतं. आई म्हणायची, "उद्या जाते." उद्या जायची, दुकानात शिरायची, आणि शब्द न फुटल्यामुळे एक बशी घेऊन परत यायची. दुसऱ्या खेपेला किटली आली. घरात पाहुणे नाहीत, आणि भांडी मात्र पाहुण्यांची.

"अगं, नवा माणूस आहे," आई स्वतःलाच समजावायची. "आपली कथा ऐकून काय म्हणेल? ओळख होऊ दे जरा."

ओळख व्हायच्या आधीच मावशीच्या खणात चिनी मातीची एक बारकी मीठदाणी सापडली. पांढरी, निळ्या काठाची, मुठीत मावेल एवढी.

"ही कशी ठेवू मी?" पोरगी रडकुंडीला आली. "त्याला माहीत नाही आपलं. त्यानं बघितलं तर?"

"आज बाजाराचा दिवस आहे, गर्दी असेल. ताई काकूंकडे बटणं घ्यायला निघालीच आहे. तिच्या मागून जा, शेजारीच तर दुकान. पटकन ठेव आणि बाहेर ये." आईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. "पुढच्या आठवड्यात मी नक्की सांगते त्याला. शप्पथ."

बाजाराच्या दिवशी चौकात पाय ठेवायला जागा नसायची. मावशी काकूंच्या दुकानात शिरली आणि शेपूट जीव मुठीत धरून शेजारी. आत दोन-तीन बायका पेले बघत होत्या, मालक त्यांच्याशी बोलत होता. मीठदाण्यांची रांग मागच्या फळीवर होती. मधली एक जागा रिकामी होती, पडलेल्या दातासारखी. तिनं खिशातून मीठदाणी काढली, रुमाल सोडवला, चवड्यांवर उभी राहिली आणि हात वर केला.

मनगटावर पंजा पडला.

"वाटलंच मला! काल एक गेली, आज दुसरी?"

"मी ठेवत होते," ती म्हणाली. आवाज जेमतेमच निघाला.

"ठेवत होतीस? चोराच्या उलट्या बोंबा!" त्यानं तिला ओढत दारात आणलं. मीठदाणी तिच्या मुठीतच होती. "बघा हो, बघा! एवढीशी पोर! कुणाची आहे ही?"

बाजार थांबतो तेव्हा एकदम थांबत नाही. आधी जवळची माणसं गप्प होतात, मग त्यांच्या मागची, ही का गप्प झाली म्हणून बघायला वळतात. बघता बघता हौदाच्या कठड्यावर बसलेली पोरंसुद्धा उठून आली. त्यात तिच्या वर्गातल्या दोघी होत्या. पाववाला हातात रिकामी पाटी घेऊन उभा होता. खिळेकाका दुकानाच्या पायरीवर आले होते.

तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि मावशी आली.

"हात सोडा तिचा," मावशी म्हणाली. आवाज चढवला नाही. तिला कधी चढवावा लागतच नसे. "माझी भाची आहे ती. आमच्या घरात असली शिकवण नाही."

"शिकवण नाही? मग हे काय आहे तिच्या हातात?"

मावशीनं वाकून तिची बोटं उघडली. मीठदाणी दिसली. आणि त्या क्षणी शेपटीनं बघितलं: मावशीच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं, पाण्याखालून मासा जावा तसं. ओळख होती ती. मग ते गेलं आणि चेहरा पुन्हा पहिल्यासारखा ताठ झाला.

"बाळ," मावशी म्हणाली, "चूक झाली असेल तर माफी माग. माफी मागण्यात कमीपणा नसतो."

आजवर साठलेलं सगळं, गोळ्या, शाबासक्या, कुरवाळलेले गाल, सगळं एकदम तिच्या घशाशी आलं.

"मी का मागू?" ती किंचाळली. "तू घेतलीस! काल तू घेतलीस! तू नेहमीच घेतेस आणि मला परत ठेवायला लागतं! सगळ्यांना माहीत आहे! विचार ना खिळेकाकांना! विचार काकूंना! सगळा चौक हसतो आपल्याला!"

हे शेवटचं वाक्य खोटं होतं. चौक हसत नव्हता. पण शब्द सुटला तो सुटला.

मावशीनं खिळेकाकांकडे बघितलं. ते एकाएकी खिशात किल्ल्या शोधू लागले. तिनं काकूंकडे बघितलं. काकूंनी तोंडावर हात ठेवला. वहीवाले आजोबा, जे एरवी गप्प म्हणून बसत नसत, त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. एकेका चेहऱ्यावर मावशीची नजर जायची आणि तो चेहरा खाली व्हायचा, वाऱ्यानं दिवे विझत जावेत तसा. कुणी एकानं जरी "छे हो, काहीतरीच काय!" म्हटलं असतं तरी चाललं असतं. कुणी म्हटलं नाही.

"सोडा तिला," मावशी काचवाल्याला म्हणाली, या वेळी अगदी हळू. "पोरीचा काही दोष नाही." आणि गर्दीतून ती घराकडे निघाली. पिशवी काकूंच्या दुकानातच राहिली. पहिल्यांदा शेपूट मागे गेली नाही.

घरी कुणी तिला मारलं नाही, रागावलंही नाही. आईनं ऐकून घेतलं, खुर्चीचा हात धरला आणि म्हणाली, "मी सांगायला हवं होतं त्याला. माझंच चुकलं." मावशीच्या खोलीचं दार बंद होतं.

दुसऱ्या दिवशी बटणवाल्या काकू पिशवी घेऊन आल्या. मावशीनं दार उघडलं, पण त्यांना बसा म्हटलं नाही.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"जाऊ द्या हो बाईसाहेब, त्यात काय एवढं…"

"कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं," काकू पदार्थ करपल्यासारख्या चेहऱ्यानं म्हणाल्या. "पण आम्ही कुणी कधी मनावर घेतलं नाही. तुम्ही इतक्या चांगल्या, म्हटलं कशाला दुखवा."

"एकदा ओरडायचं होतंत," मावशी म्हणाली. "एकदा हात धरायचा होतात माझा." तिनं पिशवी घेतली आणि दार लावलं.

मावशी बाहेर पडेनाशी झाली. कापडं घेऊन येणाऱ्या बायकांना आईनं तब्येतीचं कारण सांगून परत पाठवलं. शिवणयंत्रावर चादर पडली. बाजार शेपटीच्या गळ्यात पडला, आणि आता ती एकटीच जायची, त्यामुळे तिला शेपूट कुणी म्हणत नसे. दुकानदार जरुरीपेक्षा जास्त हळू बोलायचे. काचवाल्याला खरं काय ते कळलं होतं. त्यानं एकदा तिला थांबवून तीच मीठदाणी पुढे केली. "घे, घरी ने. मला काय माहीत होतं पोरी." ती पळत सुटली. मागे वळून बघितलं तेव्हा तो बापडा मीठदाणी हातात घेऊन तसाच दारात उभा होता.

शाळेत मात्र भलतंच झालं. गर्दीत ज्यांनी आरडाओरडा निम्माच ऐकला होता, त्यांनी निम्माच घरी नेला. काचवाल्यानं चोर पकडला, आणि चोर कोण तर ही. वर्गात हिच्या शेजारी बसायला कुणी तयार होईना. कुणाची पेन्सिल हरवली की सगळ्या माना हिच्याकडे. पेन्सिल नंतर बाकाखाली सापडायची, पण माना काही सॉरी म्हणत नाहीत. ‘चोरशेपूट’ हे नाव कुणी काढलं कोण जाणे, पण ते चिकटलं. खरं सांगायचं तर पुन्हा मावशीचं नाव घ्यायला लागलं असतं. ते तिच्यानं होईना. एकदा घेतलं होतं, पुरे होतं.

घरीही ती बोलली नाही. पण एके दिवशी तिच्या दप्तरावर कुणीतरी खडूनं तो शब्द लिहिला, आणि तो पुसायला ती मोरीत बसली असताना मावशी मागे येऊन उभी राहिली.

"कुणी लिहिलं?"

"कुणी नाही."

"कशाबद्दल?"

ती आणखी जोरात घासू लागली. मावशीनं तिच्या हातातून फडकं घेतलं, दप्तर स्वच्छ पुसलं आणि म्हणाली, "तोंड धू. वेण्या घालते. बाहेर जायचंय."

"कुठे?"

"चौकात."

आईनं दार अडवलं. "ताई, नको. लोक विसरतील. आपणहून हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"लोक विसरतील," मावशी म्हणाली, "पण पोरीच्या दप्तरावर लिहितायत ते. बाजूला हो."

त्या दिवशीही बाजार होता. मावशीनं पहिल्यांदाच तिचा हात धरला आणि तिला बरोबर घेऊन चालली. पाववाल्याच्या दुकानात गिऱ्हाइकं होती. मावशी थांबली, गिऱ्हाइकं जायची वाट बघितली नाही.

"मी तुमच्या आणि इथल्या सगळ्यांच्या दुकानांतून वस्तू उचलत होते," ती म्हणाली. "ही पोर त्या परत ठेवत होती. हिला चोर म्हणतायत. तुमची मुलगी हिच्या वर्गात आहे. तिला सांगा."

पाववाला पार गडबडला. "अहो बाईसाहेब… हो, हो, सांगतो. बसा ना जरा, पाणी घ्या."

"पाणी नको. सांगा तेवढं."

मग वहीवाले आजोबा. मग घड्याळवाला, मग खिळेकाका, मग बाहुल्यांचं दुकान. प्रत्येक ठिकाणी तीच वाक्यं, त्याच आवाजात. काही लोक मान हलवायचे, काही पायांकडे बघायचे. एक बाई फिसकन हसली. काचवाल्याच्या दारात तर माणसं गोळा झाली. मावशीचा हात गार होता आणि पोरीचा घामानं भिजलेला. हे सगळं आपल्यासाठी चाललंय, हे तिला कळत होतं. कुणी कुणासाठी इतकं करत नाही, हेही कळत होतं. आणि तरी धरणी दुभंगावी आणि आपण आत जावं, एवढंच तिला वाटत होतं. तेही खरं नाही. आपण जावं असं नव्हतंच. त्या घटकेला, तो गार हात हातात असताना, तिच्या मनात आलं ते असं: ही मरून का जात नाही? मेली असती तर बरं झालं असतं.

मोठेपणी तिनं पुष्कळ चुका केल्या, त्यातल्या काही लोकांना सांगून मोकळीही झाली. हा एक विचार मात्र कधी जिभेवर आला नाही. विचारच तो, कुणी ऐकला नाही, त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. पण अजून भांडी घासताना, नाहीतर रस्ता ओलांडताना मधेच आठवतो आणि तिचे कान तापतात.

शेवटी दोघी काकूंच्या दुकानात गेल्या. काकू रडल्या, मावशीला मिठी मारली. मावशी लाकडासारखी उभी राहिली. मग दोघी घरी परतल्या. आई बाहेर गेली होती. दारात आल्यावर कुलूप काढायला तिनं शालीखालून हात बाहेर काढला आणि किल्लीबरोबर काहीतरी खाली पडून टणकन वाजलं. ते घरंगळत पोरीच्या पायाशी आलं. शिवताना बोटात घालतात ती पत्र्याची टोपी होती. नवी कोरी, काकूंच्या दुकानातली.

दोघी तिच्याकडे बघत राहिल्या.

"कधी घेतली?" मावशीनं विचारलं. पोरीला नव्हे, स्वतःलाच. मग ती पायरीवर बसली. इतकी ताठ बाई, पण बसली ती ओल्या कपड्यासारखी. "बघ. मला कळलंसुद्धा नाही."

"मी ठेवून येते," पोरगी सवयीनं म्हणाली.

"थांब." मावशीनं तिला शेजारी ओढलं. "तुला माहीत आहे? मी तो खण उघडून बघायचे. दुसऱ्या दिवशी, कधी दोन दिवसांनी. आणि आत काही नसायचं. मला किती बरं वाटायचं! म्हणायचे, चला, म्हणजे आपण घेतलं नव्हतंच. भास झाला. डोकं फिरलंय जरा, पण हात चांगले आहेत. किती वर्षं मी तेच धरून होते. तुम्ही दोघी मागून झाकत होतात म्हणून."

पोरीनं टोपी उचलून तिच्या मांडीवर ठेवली. "आई म्हणाली होती, तुला वाईट वाटेल."

"वाईट वाटायला हवं होतं गं," मावशी म्हणाली. "तुझ्या खिशात भरण्याऐवजी ते माझ्याच पदरात पडायला हवं होतं."

सकाळी दोघी पुन्हा चौकात गेल्या. दुकानं नुकती उघडत होती, कुणीतरी पायरीवर पाणी मारत होतं. काकूंच्या दारात मावशी थबकली. कालची वाक्यं तिनं किती दुकानांत घडाघडा म्हटली होती. आज एक जमेना. ओठ हलले, आवाज येईना. पोरीच्या जिभेवर आलं होतं, की काकू, ही टोपी तुमची. बोलली असती तर क्षणात सुटका झाली असती. तिनं दात आवळले आणि जमिनीवरची फरशी बघत राहिली.

"हे," मावशी अखेर म्हणाली आणि टोपी पुढे केली. "हे मी काल नेलं. तुम्ही मला मिठी मारलीत तेव्हाच बहुतेक."

"अगं बाई! अहो, राहू द्या हो, एवढीशी तर वस्तू!"

"राहू देऊ नका," मावशी म्हणाली. "घ्या. आणि पुन्हा दिसले तर हात धरा माझा."

काकूंनी टोपी घेतली. या वेळी त्या रडल्या नाहीत. काय करावं ते न कळून त्यांनी ती पुसली आणि खणात टाकली.

सवय गेली नाही. कमी झाली म्हणतात तशी झाली. कधी महिनेच्या महिने काही नसायचं, मग एखादी पिन, एखादा खडू. दर वेळी मावशी स्वतः परत द्यायला जायची, दर वेळी तिचा चेहरा पहिल्यासारखाच लाल व्हायचा, आणि दर वेळी ती भाचीला म्हणायची, "चल, नुसती उभी राहा." वर्गातलं नाव हळूहळू मागे पडलं. दुसऱ्या कुणाला तरी दुसरं नाव पडलं आणि पोरं तिकडे गेली. काचवाल्यानं एकदा खरंच मावशीचा हात धरला. "बाई, पेला खाली," म्हणाला, सरळ, गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसा. त्या दिवशी मावशी घरी आली ती जवळजवळ खुशीत. यंत्रावरची चादर तिनं काढली ती त्याच आठवड्यात.

भाची मोठी झाली, नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी गेली. मावशीला जाऊनही आता बराच काळ झाला. तिकडे ऑफिसात चहाच्या वेळी लोक आपापल्या गावच्या चौकाच्या, दुकानांच्या आठवणी काढून हसतात. तिलाही विचारतात, "तुमच्याकडे काय होतं हो?" ती पावाच्या वासाचं सांगते, घड्याळांचं सांगते. लोकांना आवडतं. एकजण म्हणालाही, "काय भाग्यवान हो तुम्ही, असं बालपण!" ती कपात बघत "हो ना" म्हणाली, आणि कप विसळायच्या निमित्तानं उठली.